परदेशी नोकरी लागली, पण राहणार कुठे?

गेल्या दोन महिन्यांत आपल्या प्रभागातल्या तीन गटांकडे एकाच कारणासाठी कर्जमागणी अर्ज आलेत. एका ताईंचा मुलगा दुबईला चाललाय, एकीचा दीर शारजाला चाललाय, आणि तिसऱ्या अर्जात ताई स्वतःच घरकामासाठी जायचं म्हणतायत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला हे नवीन नाही. खेड, दापोली, मंडणगडच्या कितीतरी घरांचे चिरे आखाताच्या पैशांतून आलेत.

तिन्ही बैठकांना मी होते. सगळ्याजणींनी विचारलं, पगार किती? एजंट किती घेतोय? व्हिसा कधी येणार? हे विचारायलाच हवं. पण तो तिथे राहणार कुठे, हे मात्र कोणी विचारलं नाही. एकीच्या तोंडून आलं, तर बाकीच्या म्हणाल्या, "कंपनी बघेल की!" आणि पुढचा विषय सुरू. आज मी त्या एका प्रश्नावरच बोलणार आहे. कारण गटाचा हप्ता पगारातून फिटत नसतो. राहणं, खाणं आणि कामावर जाणं-येणं वजा होऊन जे हातात उरतं, त्यातून फिटतो.

खरं तर कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. आपले आजोबा-पणजोबा गिरणीत कामाला गेले तेव्हा कुठे राहिले? लालबाग-परळला, गावाच्या खोलीत. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. एक पाळीला गेला की दुसरा त्याच जागेवर झोपणार. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बहुतेक वेळा आपल्याच मुलखातली एखादी बाई. तिथे गैरसोय होती, पण गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर होती, भाडं वाटून जात होतं आणि आजारी पडलं तर गाववाला शेजारी होता. मनीऑर्डर त्यामुळेच गावाला पोचत होती. दुबईत आज ज्याला 'बेडस्पेस' म्हणतात, ते तेच आहे. खोली नाही, एक कॉट भाड्याने. फरक एवढाच, की इथे गाववाला शेजारी मिळेलच असं नाही.

आता हिशेब करू. मी आकडे फक्त समजावण्यासाठी धरतेय. तुम्ही घरी बसून खरे आकडे घाला. एक दिरहम साधारण २४ रुपये धरू.

समजा मुलाला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक कंपनी १,४०० दिरहम देते, राहायला खोली देते आणि कामावर न्यायला-आणायला बस देते. दुसरा दुकानदार २,००० देतो, बाकी सगळं तुझं तू बघ म्हणतो. आपण काय म्हणू? दोन हजारवाला बरा! पण पहिल्याकडे जेवणाला ४०० आणि फोनबिनला १०० गेले, की ९०० उरतात. दुसऱ्याकडे देरा भागात कॉटचं भाडं ८०० धरा, जेवण ४००, मेट्रो-बसचे २५०, फोन १००. गेले १,५५०. उरले ४५०. म्हणजे पहिल्याचे घरी येणार साडेएकवीस हजार आणि दुसऱ्याचे पावणेअकरा. जास्त पगाराचा माणूस निम्मे पैसे पाठवतोय! एका गटात मी हे फळ्यावर मांडलं, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भावाचे पैसे तीन वर्षं कुठे जात होते ते आज कळलं."

मग कोणीतरी सांगतं, दुबई महाग आहे, शारजात राहा, नाहीतर अजमानला. हे अर्धं खरं आहे. ही तिन्ही वेगवेगळी राज्यं, त्यांना अमिरात म्हणतात. शारजा आणि अजमानला भाडं कमी पडतं, म्हणून हजारो लोक तिथे राहून दुबईत कामाला येतात. पण दुबईची मेट्रो शारजापर्यंत जात नाही. सकाळ-संध्याकाळ त्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, आणि तो त्रास तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. समजा शारजात कॉट ५०० ला मिळाली आणि बसला ५०० गेले. त्या दोन हजारवाल्याचे हातात उरले ५००. देऱ्यापेक्षा ५० दिरहमच जास्त, आणि त्यासाठी रोजचे दोन-तीन तास बसमध्ये. त्यातही काम कुठे आहे ते बघा. काम देऱ्यात असेल तर शारजा जवळ आहे. पण काम जेबल अलीला असेल तर ते दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज अख्खी दुबई ओलांडायची, तीही दोनदा. खेडहून चिपळूण जेवढं आहे त्याहून लांब. म्हणून आधी कामाचं ठिकाण नकाशावर बघायचं आणि मग राहायचं ठिकाण. उलटं केलं की माणूस झोपेला मुकतो. रात्री अकराला पोचणारा आणि पहाटे साडेचारला उठणारा माणूस वर्षभर टिकत नाही.

आता कंपनीच्या खोलीकडे वळू. कंपनीची खोली म्हणजे बहुतेक वेळा कामगारांची वसाहत, तिकडे सगळे तिला कॅम्प म्हणतात. दुबईतली सगळ्यात मोठी कामगार वस्ती मुहैस्ना भागात आहे. आपल्या लोकांनी तिला नाव दिलंय सोनापूर. मुंबईत ज्याचे दिवस गेलेत त्याला हे नाव ऐकून जरा चमकायला होईल, कारण मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवटा! असो. नावावर जाऊ नका, खोलीवर जा. तिथल्या कायद्याप्रमाणे ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकाने, ज्यांचा पगार महिना १,५०० दिरहमपेक्षा कमी आहे त्यांना राहायला जागा द्यायलाच हवी. आणि माणशी किमान ३ चौरस मीटर जागा हवी. ३ चौरस मीटर म्हणजे साधारण ३२ चौरस फूट. आपली सहा बाय तीनची चटई घ्या, तशा दोन चटया पुऱ्या मावणार नाहीत. कायद्याने मिळणारी जागाच एवढी. म्हणून खोलीत किती माणसं, संडास-मोरी कितीजणांत, स्वयंपाकाची सोय आहे की मेसचे पैसे भरायचे, हे आधी विचारून घ्यावं लागतं. छोट्या दुकानात, गॅरेजमध्ये दहा-बारा माणसं असतील तर हा नियम लागूच होत नाही. तिथे खोली हवी असेल तर ती करारात लिहून घ्यावी लागते. "देईन रे" हे लिहिणं नव्हे.

एसी आहे का, हाही प्रश्न विचारा, आणि त्याचं वीजबिल कोण भरणार हेही विचारा. तिथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर या दिवसांत दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला सरकारचीच बंदी आहे. तेव्हा एसी तिथे चैनीत धरायचा नाही.

आता जरा जड गोष्ट सांगते. १२ जून २०२४ ला पहाटे कुवेतमध्ये, मंगफ भागात, कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली. जवळपास ५० माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक भारतीय होती. झोपेत होती. विमानातून शवपेट्या उतरताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. इमारतीत माणसं खच्चून भरलेली आणि मधे मधे पटकन पेट घेणारी पार्टिशनं घातलेली, असं तेव्हा बातम्यांत आलं. गच्चीचं दार बंद असल्यामुळे वर पळता आलं नाही, असंही आलं. घरच्यांना पगार माहीत असणार, कंपनीचं नाव माहीत असणार. जिना किती आणि गच्ची उघडी असते का, हे कोणाला माहीत असणार? आपल्यालाही नसतं.

दुबईतही जुन्या इमारतींत एका फ्लॅटचे प्लायवूड लावून आठ-दहा खण करतात आणि खणाखणाने भाड्याने देतात. परवानगीशिवाय असं करणं बेकायदा आहे. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या नगरपालिकेने देरा, सतवा, बरशा अशा भागांत ही पार्टिशनं काढायची मोहीमच काढली. तेव्हा कॉट घेतलेल्यांना एकदम दुसरी जागा शोधायची वेळ आली. म्हणून स्वतः जागा घेणार असेल तर एक शब्द पाठ करून जायचा, 'इजारी'. दुबईत भाडेकराराची सरकारी नोंद होते, तिचं हे नाव. ज्याच्याकडून कॉट घेतो त्याच्या नावावर इजारी आहे का, आणि तिथे दुसरी माणसं ठेवायची त्याला मुभा आहे का, हे विचारायचं. पूर्ण खोली स्वतःच्या नावावर घ्यायची तर भाडं महिन्याचं महिन्याला नाही, वर्षाचे दोन-चार चेक आधीच लिहून द्यावे लागतात. त्यावर अनामत आणि दलालाचे पैसे. नव्या माणसाला हे झेपत नाही. पहिलं वर्ष कंपनीच्या खोलीत, मग जागा बघून, ओळखी करून बाहेर, हा माझ्या मते बरा क्रम. अर्थात खोली धड असेल तर.

बायको-मुलांना नेतो म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. कुटुंबाचा व्हिसा काढायला पगार ४,००० दिरहम, किंवा कंपनीचं घर असेल तर ३,००० दिरहम लागतो. कॅम्पमध्ये कुटुंब राहू शकत नाही. त्याहून कमी पगारावर "सहा महिन्यांत तुला नेतो" असं कोणी म्हणत असेल, तर सुनेला हे दोन आकडे सांगून ठेवा.

आता घरकामासाठी जाणाऱ्या ताईंचं. इथे राहण्याची जागा आणि कामाची जागा एकच. मालकाच्याच घरात राहायचं. म्हणजे भाडं नाही, प्रवास नाही, पैसे जास्त उरतात. पण दार कोणाच्या हातात, हा प्रश्न येतो. तिथे घरकामगारांसाठी २०२२ चा कायदा आहे. त्यात आठवड्याला एक दिवस पगारी सुट्टी, दिवसाला १२ तास विश्रांती आणि त्यातले ८ तास सलग, राहण्याची योग्य सोय, आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा हक्क आहे. तेव्हा विचारायचं असं: झोपायला स्वतंत्र खोली आहे का? तिला आतून कडी आहे का? फोन माझ्याजवळ राहणार का? सुट्टीच्या दिवशी बाहेर जाता येईल का? एजंट यावर हसला, तर त्या हसण्यातच उत्तर मिळालं म्हणायचं. एका बैठकीत एकजण म्हणाली, "एवढं विचारलं तर काम जाईल ना ताई." कडी आहे का विचारल्यावर जे काम जातं, त्या कामावर गटाचे पैसे लावायला मी तरी सही करणार नाही.

आपल्या बाजूचे कागदही लक्षात ठेवा. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा 'ईसीआर' असतो. अशा माणसाला आखातात नोकरीला जायला सरकारची परवानगी लागते. त्यासाठी आपल्याकडे मुंबईत कार्यालय आहे आणि काम 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवरून होतं. एजंट नोंदणीकृत आहे का, तेही तिथेच बघता येतं. अशा पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला ही परवानगी मिळत नाही. एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. प्रवासी भारतीय विमा योजना १० लाखांची आहे, दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो' म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला कंपनीची खोली हक्काने मिळत नाही. पहिल्या रात्रीपासून तो कॉटच्या भाड्यावर असतो, आणि ते भाडं इथून आपण पाठवत असतो.

म्हणून आपल्या ग्रामसंघात मी असं सुचवलंय, की परदेशी जाण्यासाठीच्या कर्जमागणी अर्जाला एक कागद जोडायचा. कामाचा पत्ता, राहण्याचा पत्ता आणि दोन्हींमधलं अंतर. खोली कोणाची, भाडं कोण भरणार, करारात ते लिहिलंय का. खोलीत माणसं किती, बाहेर पडायला जिने किती. त्याच गावात आधीपासून राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा फोन नंबर. आणि खाली तो हिशेब, हातात किती उरणार. खोलीचे फोटो मागवा, ते व्हॉट्सॲपवर येतात. कॉल मात्र तिथून व्हॉट्सॲपवर लागत नाही, बोटिमसारखं दुसरं ॲप लागतं. ते जाण्याआधीच घरातल्या सगळ्यांच्या फोनवर टाकून, लावून बघा. पहिल्या महिन्यात फोन नाही आला म्हणून रडणाऱ्या आया मी पाहिल्यात, आणि कारण एवढंच असतं.

तीन अर्जांपैकी शारजाच्या अर्जाचा कागद आलाय. खोली शारजाच्या अल नाहदात, म्हणजे दुबईच्या अगदी हद्दीवर. काम पलीकडे लागूनच. त्यावर शुक्रवारच्या बैठकीत बोलू. दुबईवाल्या मुलाच्या आईने राहण्याचा पत्ता अजून दिलेला नाही. एजंट म्हणतो, पोचल्यावर कळेल. तो अर्ज पत्ता येईपर्यंत बाजूला ठेवलाय. घरकामाला जाणाऱ्या ताईंनी येताना कराराची प्रत आणावी, आपण ती सगळ्याजणी मिळून वाचू.