मनाची उभारी

एकाच शिवारांतील दोन शेतकरी घ्या. दोघांचें कर्ज सारखें, दोघांचा कापूस एकाच अवकाळी पावसानें काळवंडलेला. एक जण दुसऱ्या दिवशीं सकाळीं बैल जुंपतो. दुसऱ्याला अंथरुणांतून उठवत नाहीं. हा फरक कशामुळें पडतो? ‘पहिला धीराचा, दुसरा भित्रा’ असें म्हणून आपण मोकळे होतों. आज ज्या संशोधकांविषयीं मी बोलणार आहें, ते एवढ्या उत्तरावर समाधान मानीत नाहींत.

त्यांपैकीं कांहींचें काम सेवाग्रामच्या परिसरांतच झालें आहे. तेथें डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं गांधीजींच्या नांवानें वैद्यकीय महाविद्यालय काढलें. कस्तुरबा रुग्णालय त्याच्याहि आधीचें. या महाविद्यालयांतील अमोल डोंगरे व प्रदीप देशमुख या डॉक्टरांनीं आंजी गांवाच्या आसपासच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचीं कारणें खुद्द ग्रामस्थांनाच विचारलीं. तो अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. रीत मोठी साधी. मनांत येतील तीं कारणें लोकांनीं प्रथम सांगावयाचीं. मग जीं परस्परांशीं निगडित वाटतील त्यांचे त्यांनींच निरनिराळे ढीग करावयाचे. कर्ज, व्यसन, मालाला न मिळणारा भाव, मनावरील ताण व घरच्या जबाबदाऱ्या, सरकारची बेपर्वाई, ओलिताचा अभाव, लागवडीचा वाढता खर्च, सावकार अशी ती यादी आहे. मला यादीपेक्षां ढिगांचें मोल अधिक वाटतें. शहरांत आपण एका मृत्यूला एकच कारण जोडतों. वर्तमानपत्राच्या मथळ्यांत दोन मावतहि नाहींत. ढीग लावणाऱ्या माणसाला मात्र मुलीचें लग्न आणि बियाण्याची उधारी हीं एकाच घरांतलीं असतात, हें ठाऊक असतें.

पण माणसें खचतात कां, याबरोबरच तीं तगतात कशानें, हाहि प्रश्न आहेच. हवाई बेटांपैकीं कवाई बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं कित्येक दशकें ठेवला. दारिद्र्य, आईबापांचें आजारपण, घरांतील कलह अशीं अनेक संकटें ज्यांच्या वाट्यास आलीं, त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलें पुढें कर्तीं व समंजस माणसें झालीं. त्यांच्यांत साम्य कोणतें? बहुतेकांना कोणी तरी एक जिव्हाळ्याचें माणूस लाभलें होतें, मग ती आजी असो कीं शिक्षक. आणि पुष्कळांवर लहानपणींच घरच्या एखाद्या कामाची जबाबदारी पडलेली होती.

ही दुसरी गोष्ट सेवाग्रामला नवी वाटणार नाहीं. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित, येरवड्याचा तुरुंग भोगलेले. कुष्ठरोगानें शरीर झडूं लागल्यावर ते १९३९ च्या सुमारास आश्रमांत आले. गांधीजी स्वतः त्यांचें अंग चोळीत, हें चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी : शास्त्रीबोवांनीं आश्रमीयांना संस्कृत शिकविलें, आणि आश्रमांतील एका विवाहाचें पौरोहित्यहि केलें. ज्या काळीं अशा रोग्याची सावलीहि लोक टाळीत, त्या काळीं त्यांना नुसती शुश्रूषा नव्हे, काम मिळालें. १९४५ सालीं ते वारले. रोग बरा झाला नव्हता.

आतां उपचारकांकडे वळूं. वर्ध्याशेजारच्या अमरावती जिल्ह्यांत ‘विश्राम’ नांवाचा एक उपक्रम तीस गांवांत चालला. त्याचे निष्कर्ष राहुल शिधये, विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केले. मानसरोगतज्ज्ञ खेड्यांत सांपडणें कठीण, म्हणून गांवच्याच माणसांना शिकवून तयार केलें. तीं बैठकी घेत, लोकांना भेटत, आणि ‘मनोविकार’ या शब्दानें कोणाला न बिचकवतां लोकांच्या तोंडीं रुळलेला ‘टेन्शन’ हाच शब्द धरून बोलत. त्यांच्यानें न भागल्यास समुपदेशक, आणि त्याच्याहि पुढें तज्ज्ञ. उपक्रमापूर्वी विषण्णतेनें ग्रासलेल्यांपैकीं शेंकडा ४.३ जणांनींच उपचार शोधला होता. नंतरच्या पाहणींत तें प्रमाण शेंकडा २७.२ भरलें. मागील वर्षभरांत जीव देण्याचा विचार मनांत येऊन गेलेल्यांचें प्रमाण शेंकडा ५.२ वरून २.५ वर आलें. आंकडे आनंद वाटण्याजोगे आहेत. तरी दोन पाहण्यांमधील काळांत पाऊस आणि बाजारभाव हेहि बदलत असतात; सारेंच श्रेय उपक्रमाच्या पदरीं घालतां येत नाहीं. शिवाय मदत न घेतलेले उरलेले शेंकडा ७३ कोठें गेले, हा प्रश्न राहतोच.

कोणी म्हणेल, कापसाला भाव द्या, मनाचे धडे कसले देतां? आक्षेप रास्त आहे. मात्र २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं, ज्यांत वर्धाहि होता, ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. आत्महत्या तेवढ्यानेंहि थांबल्या नाहींत. उलट, धीराच्या गोष्टींनीं कर्ज फिटतें असेंहि नव्हे. ज्याची विहीर माघांतच आटते, त्याला मनाचा लवचिकपणा शिकवावयास जाणें ही थट्टा आहे. समुपदेशकानें सावकाराच्या वहीविषयींहि विचारलें पाहिजे.

आणखी एक. ज्या घरांत ही गोष्ट घडून जाते, तेथें मागें राहिलेली स्त्री पुढच्या हंगामांत पेरणी करते. पुष्कळदां सातबाऱ्यावर तिचें नांवहि नसतें, आणि म्हणून पीककर्जहि सहजीं मिळत नाहीं. मनाची उभारी म्हणजे काय हें ज्याला शिकावयाचें आहे, त्यानें प्रथम तिच्याकडे जावें. मात्र प्रश्नावली घेऊन मृगाच्या दिवसांत जाऊं नये. त्या दिवसांत तिला बोलावयास सवड नसते.