आपल्या यादीबाहेरचा शेजारी



काही वर्षांपूर्वी आमच्या भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, लॅपटॉप माझ्याकडे. म्हणून मदतीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. नाव, पत्ता, नुकसान असे रकाने आखून मी रात्रीत यादी पूर्ण केली. सकाळी शेजारच्या खालाजान म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या शिंप्याचं नाव कुठंय रे?" दुकान त्याचंही जळालं होतं. तो हिंदू. त्याचं नाव मी मुद्दाम गाळलं नव्हतं. त्याच्या दाराशी मी गेलोच नव्हतो.

त्यानंतर मी बोस्नियाबद्दल वाचू लागलो. १९९२ ते १९९५ च्या युद्धात तिथं सुमारे एक लाख माणसं मेली. त्यांत सर्वाधिक बोस्नियाक मुस्लिम होते. बावीस लाखांच्या आसपास लोक, म्हणजे जवळपास निम्मा देश, घर सोडून गेला. मोस्तारचा तोफांनी पाडलेला जुना पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. मला मात्र पुलापेक्षा घरांच्या किल्ल्यांची गोष्ट महत्त्वाची वाटते.

युद्धात तिन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी पळून गेलेल्यांची घरं आपापल्या लोकांना देऊन टाकली. त्या घरांत राहायला आलेलेही पुष्कळदा दुसरीकडून हाकललेलेच होते. एकाचं घर मोकळं करायचं तर दुसऱ्याला आधी छप्पर हवं, अशी ती साखळी होती. डेटन करारानं प्रत्येक विस्थापिताला आपलं घर परत मिळण्याचा हक्क दिला, पण स्थानिक अधिकारी टाळाटाळ करत राहिले. अखेर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधींनी देशाच्या दोन्ही भागांत मालमत्तेचे एकसारखे नियम लागू केले. पुढे अर्ज आले त्या क्रमानं निकाली काढायचे, असं ठरलं. ज्याचं स्वतःचं घर मदतीतून दुरुस्त झालं, त्यानं दुसऱ्याचं घर सोडायचं. ज्याला खरोखर कुठंच आसरा नाही, त्याला तात्पुरती जागा द्यायची.

आता जरा विचार करा. या नियमानुसार सारायेव्होतल्या बोस्नियाक कुटुंबांनाही सर्बांची घरं सोडावी लागली. ज्यांनी सगळ्यात जास्त माणसं गमावली, त्यांनाही. हे ऐकून पहिल्यांदा मला राग आला होता. मग लक्षात आलं, की त्याच नियमामुळे सर्बांच्या ताब्यातल्या गावांतली बोस्नियाकांची घरंही परत मागता आली. नियम एकाच बाजूसाठी असता, तर दुसऱ्या बाजूनं तो एक दिवसही पाळला नसता.

असे सुमारे दोन लाख दावे होते. काही वर्षांत त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक निकाली निघाले. म्हणून सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. अनेकांनी परत मिळालेलं घर विकलं आणि आपल्या समाजाची वस्ती गाठली. काही ठिकाणी आजही एकाच शाळेच्या इमारतीत मुलं समाजानुसार वेगवेगळ्या वर्गांत, वेगवेगळा अभ्यासक्रम शिकतात. मदतीनं घर परत मिळतं, शेजार परत मिळेलच असं नाही. पण घर विकायचं की तिथं राहायचं, हे निदान ज्याचं त्याला ठरवता आलं.

तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात कधीतरी अशी यादी येईल. ती ओळखीनं करू नका, गल्लीनं करा. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दार वाजवा. नुकसान कसं मोजणार आणि आधी कुणाला देणार, हे नावं लिहिण्याआधी ठरवा आणि सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावा.

शिंप्याकडे मी तिसऱ्या दिवशी गेलो. त्यानं चहा पाजला, जळालेलं मशीन दाखवलं. मी त्याचं नाव यादीत लिहिलं. तोवर जमलेले पैसे वाटून संपले होते.