हात आणि चाक यांच्यामधील रबर

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामांच्या काही जुन्या मोटारी ठेवलेल्या आहेत. त्यांतील १९१२ सालच्या पिवळ्या रोल्स-रॉइसपुढे प्रेक्षक थबकतात, तिची झळाळी पाहून हरखतात आणि पुढे जातात. त्या गाडीला आता रस्त्याची चिंता राहिलेली नाही. परंतु याच शहरात अशाही काही जुन्या इंग्रजी वळणाच्या मोटारी आहेत, की ज्या सुट्टीच्या दिवशी सकाळी घराबाहेर निघतात, बसगाड्या आणि रिक्षा यांच्या गर्दीतून वाट काढतात आणि माणसे घेऊन परत येतात. त्यांची परीक्षा रंगावरून करून भागत नाही.

स्टँडर्ड हेराल्ड ही त्यांपैकी एक. इंग्लंडात १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड या नावाने ती प्रथम बाजारात आली. तिची आकृती मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने रेखली होती. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने ती आपल्या देशात बांधण्यास आरंभ केला. इकडे ती गृहस्थाची गाडी म्हणून ओळखली गेली. तिकडे मात्र तिचाच सांगाडा आखूड करून १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन आसनी स्पोर्ट्स मोटार तयार करण्यात आली. म्हणजे आपल्याकडच्या या साध्याभोळ्या गाडीची ती धाकटी आणि चपळ बहीणच म्हणावयाची. दोघींच्या स्टिअरिंगची घडण एकाच घराण्यातली आहे. हेराल्ड अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. सुलतान बाजाराच्या बोळातून जिने मोटार बाहेर काढली असेल त्यालाच या गुणाचे मोल कळेल!

या वळण्याची सारी मदार ज्या वस्तूवर आहे ती मुठीत मावेल एवढी लहान आहे. चालकाच्या हातातील चक्रापासून एक दांडा खाली उतरतो. पुढच्या बाजूला रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, आणि तिला फिरवणारे पिनियन हे छोटे दंतचक्र असते. पट्टी डावीउजवीकडे सरकली की चाके वळतात. वरचा दांडा आणि पिनियन यांना जोडणारा दुवा म्हणजे कपलिंग. त्याचे दोन लोखंडी भाग असतात, पण ते एकमेकांना थेट चिकटवलेले नसतात. त्यांच्यामध्ये रबर असते. रस्त्याचा प्रत्येक खडा चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचू नये आणि दोन दांडे रेषेत किंचित चुकले तरी ते अडू नयेत, अशी ही योजना आहे. मोठी शहाणपणाची योजना. फक्त रबराला म्हातारपण असते, हे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

इंजिनाची धग, वरून झिरपणारे तेल आणि हैदराबादचा वैशाख या तिघांपुढे रबराचा निभाव फार वर्षे लागत नाही. ते प्रथम कडक होते, मग त्याला बारीक भेगा पडतात, किंवा तेल पिऊन ते फुगते आणि मऊ पडते. चालकाला एवढेच जाणवते, की चक्र थोडे फिरवले तरी गाडी ऐकत नाही. हा बदल इतक्या सावकाश होतो, की रोज गाडी हाकणाऱ्याचा हात त्याला सरावून जातो आणि दोष प्रथम ध्यानी येतो तो पाहुण्या चालकाच्या! रबर पुरते फाटले तर हातातील चक्र आधी फिरेल आणि रस्त्यावरची चाके त्याच्यामागून, उशिरा फिरतील. समोरून ट्रक येत असता हा उशीर कोणाला परवडणार?

तपासणीस दोन माणसे पुरतात. एकाने आत बसून चक्र हळूहळू हलवावे आणि दुसऱ्याने कपलिंगवर बोटे ठेवावीत. हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसह पुढे उलटते, त्यामुळे मिस्त्री पुढच्या टायरवर चक्क स्टुलासारखा बसून काम करू शकतो. वरचा भाग स्पष्टपणे फिरला आणि खालचा जागेवरच राहिला, तर दोष कपलिंगमध्ये आहे. दोन्ही बरोबर फिरले आणि चाक तरीही आळस करू लागले, तर दोष पुढे कोठेतरी शोधावा. रबर थोडे दबणारच. तेवढ्यावरून त्याला दोषी धरू नये.

भोंग्याचाही येथे संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भोंग्याचा विद्युत्प्रवाह दांड्यातून परत जातो आणि रबर विजेला वाट देत नाही. म्हणून कपलिंगच्या एका भागापासून दुसऱ्यापर्यंत एक लहानशी तार जोडलेली असते. ती तुटली की भोंगा मुका होतो. अशा वेळी भोंगाच बदलून टाकणारे कारागीर आहेत; खरे म्हणजे मुक्या भोंग्याने मालकाला कपलिंगपाशी डोकावण्याची सूचनाच दिलेली असते.

आता नवा भाग आणावयाचा कोठून? हेराल्डच्या वंशातील गॅझेलची बांधणीही १९७७ साली थांबली. पुतळीबावडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून किंवा राणीगंजच्या बाजारातून कधी जुन्या, न उघडलेल्या पाकिटातला भाग हाती लागतो आणि मालकाला धन सापडल्याचा आनंद होतो. पण पाकीट फोडले नाही म्हणून रबर तरुण राहत नाही. पन्नास वर्षे ते आतल्या आत वाळतच असते. त्यापेक्षा स्पिटफायरसाठी इंग्लंडात आजही तयार होणारा भाग मागवणे बरे. मात्र दांड्यावरील दाते आणि जाडी जुन्याशी जुळवून पाहिल्यावाचून तो बसवू नये. पॉलियुरेथेनचे रबरही मिळते. ते तेलाला दाद देत नाही, परंतु कडक असल्याने रस्त्याचा थरार हातात आणते. टायरचा तुकडा कापून बसवण्याची आणि दोन दांडे वेल्डिंग करून एक करण्याची कल्पकता मात्र कौतुकास पात्र नाही. भेगाळलेल्या रबराने निदान इशारा तरी दिला असता.

काम तसे अवघड नाही. घाई मात्र चालत नाही. बॅटरीची तार सोडवावी. चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत आणि त्यांच्या निम्म्यावर आणून रॅक मध्यावर ठेवावा. मग दोन्ही दांड्यांवर खुणा कराव्यात. हेराल्डचा दांडा दुर्बिणीच्या नळीसारखा एकात एक सरकणारा आहे. त्याची पकड सैल केली की तो वर ओढता येतो आणि कपलिंग मोकळे होते. ते गंजून बसले असेल तर गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर वाट पाहावी. हातोडा मारला तर तो घाव पिनियनच्या दात्यांवर बसतो, आणि अल्प खर्चाचे काम मोठ्या खर्चाचे होते. नवा भाग दात्यांवर पूर्ण बसल्यानंतरच पेचाचे बोल्ट आवळावेत, नट नवे वापरावेत, भोंग्याची तार जोडावी. दांड्याची पकड पुन्हा घट्ट करण्याचे विसरू नये. ती सैल राहिली तर चक्रच वरखाली सरकू लागेल.

त्यानंतर चाके दोन्ही टोकांपर्यंत वळवून कोठे काही घासते का ते पाहावे, आणि पहिली फेरी मोकळ्या मैदानात, संथ गतीने घ्यावी. आठवड्याने बोल्ट पुन्हा एकवार पाना लावून पाहावेत. आणि काढलेले जुने कपलिंग फळीवर ठेवू नये. त्याचे रबर सुरीने कापून टाकावे, नाही तर पुसूनपासून, वर काळा हात फिरवून, ते कोणा दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसते.