बर्लिनमधील दोन वर्षे : विद्यार्थिनी इरावती कर्वे

(हीरक महोत्सवानिमित्त आजी-माजी विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षांच्या काळात या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली जगाच्या पाठीवर अनेक ठिकाणी पोहोचली आहेत. आजही वरच्या वर्गांत परदेशी शिक्षणाची चर्चा चालते. विद्यापीठ कोणते, खर्च किती, शिष्यवृत्ती मिळेल काय, हे प्रश्न विचारले जातात आणि ते रास्तही आहेत. परंतु त्या शिक्षणाने विद्यार्थ्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे एक उत्तर डॉ. इरावती कर्वे यांच्या विद्यार्थिदशेत सापडते. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून त्या आपणां सर्वांना परिचित आहेत, बर्लिनमधील विद्यार्थिनी म्हणून मात्र तितक्या परिचित नाहीत.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्या मुलांना इरावतीबाईंविषयी विशेष जवळीक वाटावी असे एक कारण आहे. त्यांचा जन्मही महाराष्ट्राबाहेरचा. १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे करमरकरांच्या घरी त्या जन्मल्या आणि तेथील महानदीचे नाव त्यांना मिळाले. वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्याच्या हुजूरपागेत पाठविण्यात आले. घरापासून दूर राहून शिकणे त्यांच्या वाट्याला आले ते असे बालपणीच. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरात त्या मुलीसारख्या वाढल्या. केंब्रिजला गणितात सर्वप्रथम आलेल्या त्या विद्वानाच्या घरात ग्रंथ, वादविवाद आणि स्वतंत्र विचार यांना मुक्तद्वार होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ साली पदवीधर झाल्या आणि मुंबईस डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राकडे वळल्या. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्रज्ञ दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

जर्मनीस जाण्याचा विचार पुढे आला तेव्हा घरातूनच विरोध झाला, आणि तो झाला महर्षींकडून. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, विधवांसाठी आश्रम काढला, महिला विद्यापीठ उभे केले, त्यांनाच सुनेने परदेशी जाऊन डॉक्टरेट घेणे पसंत नव्हते. मोठ्या माणसांच्या मोठेपणालाही कधी कधी उंबरठा असतो, एवढेच यावरून समजावे. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत उच्च शिक्षण घेतलेले होते. ते पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या नोव्हेंबरात, वयाची तेवीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, इरावतीबाई बर्लिनच्या वाटेला लागल्या. पुढच्याच वर्षी, सत्तरी ओलांडलेले महर्षी स्वतःही शिक्षणपरिषदांसाठी युरोपच्या प्रवासास निघाले, हा या कथेतील एक गोड योगायोग.

त्या काळचे बर्लिन कसे होते? पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर जर्मनीत प्रजासत्ताक आले होते. स्त्रियांना मताधिकार मिळून दहा वर्षे होत आली होती. प्रशियातील विद्यापीठांचे दरवाजे त्यांना रीतसर उघडले होते ते १९०८ साली. म्हणजे परदेशी विद्यार्थिनीच काय, जर्मन विद्यार्थिनीही तेथे फार जुनी नव्हती. शहराच्या नैर्ऋत्येस डालेम नावाच्या उपनगरात कैसर विल्हेल्म संस्थेची अनेक संशोधनकेंद्रे होती. त्यांपैकी रसायनाच्या केंद्रात लीझे माइटनर आणि ओटो हान काम करीत होते. त्याच परिसरात १९२७ साली मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन या विषयांची नवी संस्था स्थापन झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले.

येथेच या हकीकतीचा गाभा आहे. फिशर हे त्या काळी मानवशास्त्रातील मोठे नाव होते. नैर्ऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत मिश्रवंशीय लोकांवर त्यांनी केलेल्या संशोधनाचा बोलबाला होता. वंश ही एक निश्चित गोष्ट आहे, ती मोजता येते आणि वंशावंशांत उच्चनीच भाव असतो, अशी त्यांची धारणा होती. आपल्या भारतीय विद्यार्थिनीला त्यांनी विषय दिला तो मानवी कवटीच्या विषमतेचा. आपला चेहरा वरवर पाहता दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. परंतु मोजून पाहिल्यास कवटीचा डावा आणि उजवा भाग तंतोतंत जुळत नाहीत. ही विषमता युरोपीय लोकांत अधिक असावी आणि त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी तिचा संबंध असावा, असे फिशर यांचे अनुमान होते. ते आकड्यांनी सिद्ध व्हावे, अशी अपेक्षा होती.

त्या विद्यार्थिनीची स्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. देश परका, भाषा परकी, शिक्षणाला कर्जाचा आधार, सासऱ्यांची नापसंती मागे टाकून आलेली, आणि पदवी ज्यांच्या हाती ते गुरू एका विशिष्ट उत्तराची वाट पाहत बसलेले. शिवाय ते उत्तर असे, की त्यात तिच्या स्वतःच्या समाजाचे, तिचे स्वतःचे, हीनत्व गृहीत धरलेले. तिच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. गुरूंना हवे ते लिहून पदवी घेणे, हा एक. विषयच अपमानास्पद म्हणून तो सोडून देणे, हा दुसरा. इरावतीबाईंनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी कवट्या मोजल्या.

एकूण १४९ कवट्यांची त्यांनी तपासणी केली. मोजमाप करणे हे कंटाळवाणे काम असते. एकेका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतचे अंतर पाहावयाचे, ते लिहावयाचे, डाव्या बाजूचा आकडा उजव्या बाजूच्या आकड्याशी ताडून पाहावयाचा, आणि हे पुन्हा पुन्हा करावयाचे. त्यात प्रतिभेची चमक नसते, पण प्रामाणिकपणाची कसोटी असते. या सर्व परिश्रमांतून जो निष्कर्ष निघाला, तो असा : विषमता सर्वच मानवसमूहांत आढळते, तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूंचे अनुमान शिष्येच्या आकड्यांनी खोटे ठरविले. तेही संतापाने वा घोषणेने नव्हे. गुरूंच्याच संस्थेत, त्यांच्याच पद्धतीने, जर्मन भाषेत लिहिलेल्या प्रबंधातून. फिशर यांनी प्रबंधाला खालची श्रेणी दिली. तथापि डॉक्टरेट मिळाली आणि १९३० साली इरावतीबाई स्वदेशी परतल्या.

श्रेणी आज कोणाच्या स्मरणात नाही. त्या निष्कर्षाचे मोल मात्र पुढील इतिहासाने दाखवून दिले. १९३० च्या सप्टेंबरातील निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. १९३३ साली सत्ता त्यांच्या हाती आली आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सक्तीच्या निर्बीजीकरणापासून छळछावण्यांपर्यंत जे जे घडले, त्याला शास्त्राची झूल पांघरण्याचे काम डालेमच्या त्या संस्थेने केले. आउशवित्झहून मेंगेलेने पाठविलेले मानवी अवशेष याच संस्थेत येत. आज त्या इमारतीत विद्यापीठाचे वर्ग भरतात आणि तेथे काय घडले याची नोंद करणारा फलक तिच्या भिंतीवर आहे. शास्त्र आपोआप माणसाला सज्जन करीत नाही; शास्त्र हाती घेणाऱ्याला सज्जन राहावे लागते, हा त्या फलकाचा अर्थ.

येथे कथा संपवून इरावतीबाईंना मखरात बसविणे सोपे झाले असते. परंतु त्यांनाच ते रुचले नसते. बर्लिनहून येताना मोजमापाची ती विद्याही त्या बरोबर घेऊन आल्या. परतल्यावर अनेक वर्षे त्यांनी महाराष्ट्रातील जातीजमातींची शरीरमापने घेतली. वंशाच्या उच्चनीचतेचा दावा त्यांनी नाकारला होता; पण माणसांचे गट शरीरावरून ओळखता येतील काय, हा प्रश्न त्यांना सुटला नव्हता. त्या कामाची चिकित्सा आजचे अभ्यासक करतात आणि ती करणे योग्यच आहे. गुरूंचा एक निष्कर्ष नाकारणे म्हणजे त्यांच्या साऱ्या चौकटीतून एका दिवसात मुक्त होणे नव्हे. घेतलेले शिक्षण पारखण्यास कधी कधी सारा जन्म लागतो.

इरावतीबाई ती पारख करीत राहिल्या. १९३९ साली डेक्कन कॉलेजात रुजू झाल्यानंतर त्यांचे संशोधन हळूहळू हाडांकडून नात्यांकडे सरकले. आत्या, मामा, दीर, नणंद या शब्दांत समाजाची रचना कशी दडलेली असते, हे त्यांनी भारतभर हिंडून तपासले आणि १९५३ साली भारतातील नातेसंबंधांच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या. कोयना धरणाने विस्थापित केलेल्या लोकांची पाहणी त्यांनी उतारवयात केली. ज्या हातांनी बर्लिनमध्ये कवट्या मोजल्या, त्याच हातांनी ‘परिपूर्ती’ आणि ‘भोवरा’ यांतील ललितलेख लिहिले आणि महाभारतातील माणसांकडे माणसे म्हणून पाहणारे ‘युगान्त’ही लिहिले. प्रबंध जर्मनमध्ये, शास्त्रग्रंथ बहुतांशी इंग्रजीत, आणि मनातले मराठीत, असा हा त्रिभाषी संसार होता. परदेशी शिकल्याने मातृभाषा दुरावते, असे मानणाऱ्यांनी आणि मातृभाषेत शिकल्याने परदेश दुरावतो, असे मानणाऱ्यांनीही त्याकडे अवश्य पाहावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या बर्लिनला, लंडनला, कदाचित याहून दूर जातील. तेथे उत्तम ग्रंथालये मिळतील, विद्वान गुरू मिळतील. त्यांच्याकडून मिळेल तेवढे मनःपूर्वक घ्यावे. आणि एखादे दिवशी असाही प्रसंग येईल, की सर्वांना हवे असलेले उत्तर एक आणि तुमच्या वहीतील आकडे सांगतात ते दुसरे. त्या दिवशी जवळ कोणी नसेल. ना शाळा, ना घर. तेव्हा घाई न करता आकडे पुन्हा एकदा तपासा. चूक आपली निघाली तर ती सुधारा. चूक आपली नसेल, तर जे दिसले तेच लिहा. श्रेणी काय मिळावयाची ती मिळो. एवढे ज्याला साधले त्याचा प्रवास सफल झाला, असे खुशाल समजावे.