नजरेचा लिलाव

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून या गावात संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि घराघरांतील टीव्ही व मोबाईल दीड तास बंद राहू लागले. कोरोनाच्या काळात शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती मोबाईल आले होते. शाळा सुरू झाल्या तरी ते सुटेनात, म्हणून ग्रामसभेने हा निर्णय घेतला. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. प्रारंभी चेष्टाही झाली.

या बातमीचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु त्यातील खरी महत्त्वाची गोष्ट मला वेगळी वाटते. मोबाईलचा प्रश्न हा ज्याच्या त्याच्या मनोनिग्रहाचा नसून गावाचा सार्वजनिक प्रश्न आहे, हे एका ग्रामसभेने मान्य केले. भोंगा वाजतो तो दीड तासापुरता. उरलेल्या साडेबावीस तासांत पडद्यावर जाहिरातींचे जे अतिक्रमण चालते, त्याचे काय करावयाचे, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

जाहिराती पूर्वीही होत्या, मग आताच ही तक्रार का, असे कोणी विचारील. सांगलीच्या बसस्थानकावरील फलक आपण पाहतो. तो आपल्याकडे पाहत नाही. मोबाईलवरची जाहिरात पाहते. समजा, तासगावचा एखादा द्राक्षबागायतदार अवकाळी पावसानंतर डाऊनीवरचा उपाय शोधण्यासाठी एखादे पान उघडतो. ते पान उघडत असताना, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, त्याच्या नजरेचा लिलाव पुकारला जातो. त्याचा फोन कोणता, तो साधारण कोठे आहे, याआधी काय पाहत होता, ही माहिती बोली लावणाऱ्यांपुढे ठेवली जाते. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात झळकते, आणि पुढे कित्येक दिवस त्याच औषधाची चित्रे त्याचा पिच्छा पुरवितात.

सांगलीच्या माणसाला सौदा म्हणजे काय हे सांगावयास नको. एके काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आणला. हळद कोणाची, घेणार कोण, दर काय, अडत किती, हे चारचौघांत कळले पाहिजे, हा त्यामागचा न्याय. मोबाईलवरचा सौदा पुन्हा रुमालाखाली गेला आहे. फरक इतकाच की येथे मालाच्या धन्याला पट्टीही मिळत नाही. डॅलस स्माइथ या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने 1977 सालीच असे मांडले होते की प्रसारमाध्यमे जाहिरातदाराला विकतात ती वस्तू म्हणजे खुद्द प्रेक्षक. तेव्हा ते अतिशयोक्तीचे वाटले असेल. 2023 साली फेसबुक व व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या सुमारे 135 अब्ज डॉलर उत्पन्नापैकी जवळजवळ 132 अब्ज जाहिरातींचे होते.

आणि या विक्रीचा हमालीखर्चही आपणच देतो. जाहिरातीचे चित्र, चलच्चित्र, मागावर राहणारी यंत्रणा हे सारे आपल्या डेटापॅकमधून उतरते. 2024 च्या जुलैत तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढविले, तेव्हा ऊसतोड मजुरानेही रमीची जाहिरात पाहण्यासाठी वाढीव दर मोजला. पैशाचे ऑनलाइन खेळ व त्यांच्या जाहिराती यांवर संसदेने बंदीचा कायदा केला तो 2025 च्या ऑगस्टमध्ये; तोवर किती घरांची धूळधाण झाली हे गावोगावचे कार्यकर्ते जाणतात. बनावट जाहिरातींचा धोका तर अमेरिकेच्या एफबीआयलाही इतका गंभीर वाटला की शोध घेताना जाहिरात-प्रतिबंधक वापरा, असा सल्ला तिने 2022 च्या डिसेंबरात नागरिकांना दिला.

उपाय अवघड नाही. संगणकावर व अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स हा ब्राउझर घ्यावा आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हा मोफत, मुक्त प्रणालीचा जोड बसवावा. ब्राउझरखेरीज इतर अ‍ॅपमधल्या जाहिरातींसाठी थोडे आत जावे लागते. कोणतेही संकेतस्थळ उघडताना फोन प्रथम एका चौकशी-खिडकीला त्या नावाचा क्रमांक विचारतो. या खिडकीला डीएनएस म्हणतात. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आहे. तेथे जाहिरातींचे क्रमांक न सांगणाऱ्या अ‍ॅडगार्डसारख्या सेवेचे नाव लिहिले की पुष्कळशा जाहिराती येतच नाहीत. संपूर्ण घरासाठी किंवा वाचनालयासाठी हीच खिडकी आपली स्वतःची उघडता येते. पाय-होल ही मोफत प्रणाली तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर किंवा अडगळीतील जुन्या संगणकावर चालते. वायफायचा राउटर तिच्याकडे वळविला की टीव्हीसकट घरातील बहुतेक यंत्रे तिलाच विचारतात.

यातील उणिवा झाकून ठेवणे बरे नव्हे. दुसऱ्याची डीएनएस सेवा घेतली की आपण काय उघडतो हे तिला कळते. विश्वास एकाकडून काढून दुसऱ्यावर टाकला, एवढेच घडते. यूट्यूबच्या जाहिराती या मार्गाने अडत नाहीत, कारण त्या मूळ चित्रफितीच्याच दाराने येतात. आणि गूगलने 2024-25 मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरचे नियम असे बदलले की यूब्लॉक ओरिजिन त्यात चालेनासा झाला. लिलाव चालविणारा आणि दरवाजा बांधणारा एकच असला की कडी कोणत्या बाजूला बसेल हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. येथे प्रश्न तंत्राचा न राहता मालकीचा होतो. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम निघावयास 2025 चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्यातील मुख्य बंधने पाळण्यास कंपन्यांना आणखी अठरा महिन्यांची सवलत मिळाली. या दिरंगाईविरुद्ध आपण एकही मोर्चा काढलेला नाही.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. जाहिराती रोखल्या तर लहान वृत्तपत्रांनी जगावे कसे? प्रामाणिक उत्तर हेच की वाचकाने वर्गणी द्यावी. आपल्यापैकी किती जणांची या साप्ताहिकाची वर्गणी थकली आहे, हे व्यवस्थापकांनी मला सांगितले आहे. आकडा येथे उच्चारत नाही.

आपल्या भागात कोणत्याही विषयावर बोलताना पत्रीसरकार काढण्याची रीत आहे. मीही ती मोडत नाही. कडेगावच्या शेजारीच पलूस तालुक्यातील कुंडल. त्या चळवळीने इंग्रजांशी लढताना गावची दारू बंद केली, न्यायदान मंडळे चालविली, थोड्या खर्चात लग्ने लावली. हे सारे दिल्लीच्या परवानगीची वाट न पाहता. कायद्याची मागणी करीत राहू. पण तोवर कार्यालयातील बंद पडलेला जुना संगणक पुढच्या बैठकीपूर्वी दुरुस्त करून पाय-होलसाठी लावावा, असा माझा प्रस्ताव आहे. एका तरुण साथीने हे काम अंगावर घेतले आहे. ज्यांना ‘प्रायव्हेट डीएनएस’ सापडत नसेल त्यांनी चहाच्या सुट्टीत फोन घेऊन त्याच्याकडे जावे.