फड्या निवडुंगाची ओळख

निवडुंग हा शब्द मराठीने फार सैल हाताने वापरला आहे. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग आणि ओसाड माळावरचा फड्या निवडुंग, दोघांनाही तो लागू होतो. पण त्रिधारीला जरा इजा झाली की पांढरा चीक वाहू लागतो. फड्याला चीक नाही, नुसता बुळबुळीत रस आहे. पहिला एरंडाच्या कुळातला. दुसरा कॅक्टस-कुळातला, अमेरिका खंडातून आलेला.

फड्याचा फडा म्हणजे पान, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ते चपटे झालेले खोड होय. खरी पाने इवलीशी व टोकदार असतात आणि कोवळेपणीच गळून पडतात. मग अन्न तयार करण्याचे काम हे हिरवे खोडच करते. त्याची रंध्रे मुख्यतः रात्री उघडत असल्याने उन्हात पाणी वाया जात नाही. फड्यावरील बारीक उंचवट्यांतून मोठे काटे निघतात आणि त्यांच्या बुडाशी केसांसारख्या कुसळांचा झुबका असतो. मोठा काटा दिसतो, म्हणून टाळता येतो. उलट्या दात्यांचे कुसळ मात्र बोटात शिरल्यावरच कळते. तुटून पडलेला फडा जमिनीला टेकला की मुळे धरतो. त्यामुळे कुऱ्हाडीने या झाडाचा नाश न होता उलट प्रसारच होतो.

फड्याच्याही जाती अनेक. मोनाकँथा या नावाचा अर्थच ‘एककाटी’. तिच्या उंचवट्यावर बहुधा एखाददुसराच काटा असतो. डिलेनाय जातीला पिवळसर, किंचित चपट्या काट्यांचा जुडगा असतो. तिचे फूल पिवळे, बोंड जांभळट.

हा भेद क्षुल्लक वाटेल. पण इतिहास तसे सांगत नाही. १७९५ मध्ये किरमिजी रंगाच्या आशेने ब्राझीलमधून बंगालमध्ये किडे आणले गेले. ते रंगाचे उत्तम किडे नव्हते, त्यांच्याच गणातील दुसऱ्या जातीचे होते. रंगाचा व्यापार साधला नाही. मात्र त्या किड्यांनी मोनाकँथाचा फडशा पाडला. डिलेनायला त्यांनी तोंड लावले नाही, आणि दक्षिणेत तिची रानेच्या राने माजली. १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचा किडा तेथे सोडण्यात आला, तेव्हा कोठे ती हटली.

माणसाने दोन्ही झाडांना एकच नाव दिले होते. त्यांतला फरक त्या चिमुकल्या किड्यांना मात्र पुरता ठाऊक होता.