सोळाव्या वाढदिवसाचं शतक

वाढदिवसाला स्वतःलाच शतकाची भेट देणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट. एमी हंटर, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची. फलंदाज आणि यष्टिरक्षक. मे २०२१मध्ये ती आयर्लंडकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली, तेव्हा तिला सोळावं वर्ष चालू होतं!

त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला तिला सोळा वर्षं पूर्ण झाली. संघ होता हरारेत, समोर झिम्बाब्वे. एमीने नाबाद १२१ धावा कुटल्या. शंभरी गाठल्यावर हेल्मेट काढायचं की नाही, हेच तिला उमगेना! नंतर तिनेच हे सांगितलं. आयर्लंडने ३ बाद ३१२ धावा केल्या आणि सामना ८५ धावांनी जिंकला. पुरुष असोत वा महिला, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये इतक्या लहान वयात तोवर कुणीच शतक ठोकलं नव्हतं.

आधीचा विक्रम कुणाचा, ठाऊक आहे? आपल्या मिताली राजचा. १९९९मध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला तिने नाबाद ११४ धावा केल्या होत्या. आणि तेव्हा गोलंदाजी करत होता, आयर्लंडचाच संघ.